ज्यानं कधी दम घेतला नाही, त्यानं शिट्टी घेऊ नये

डावा_कोपरा
मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. परवा आमच्याकडच्या कबड्डी सामन्यांत दोन तरुण पंच होते. पंच परीक्षा पास, नियम तोंडपाठ, कपडे कडक इस्त्रीचे. पण मैदानात कधी उतरलेले नाहीत हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. चढाईपटूचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे पडला की लगेच गुण. मागचा पाय हवेत असला तरच बोनस, पण तो हवेत होता की मातीला चिकटलेला, तिकडे लक्षच नाही. ज्यानं कोपऱ्यात उभं राहून बोनस वाचवलाय तो पुढच्या पायाकडे बघत नाही. पुढचा पाय दाखवायचा असतो, चोरी सगळी मागच्या पायात.

स्पर्शाचंही तेच. बोटाचं टोक लागलं की नाही हे दर वेळी दिसत नाही. पण ज्याला लागलंय तो गडी क्षणभर थबकतो आणि आधी पंचाकडे बघतो, चढाईपटूकडे नाही. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

माझं मत स्पष्ट आहे. निदान जिल्ह्यापर्यंत खेळलेला नसेल त्याला पंच परीक्षेला बसूच देऊ नये. क्रिकेट असो, कुस्ती असो, सगळीकडे. बोला.

चहाटळ
धागा पेटणार. पुढच्या रांगेत सतरंजी टाकून बसलोय.

आझाद_मैदानी
कबड्डीतलं मला कळत नाही, पण तुम्ही क्रिकेटला हात घातलात म्हणून लिहितो. सायमन टॉफेल प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेला नाही. सिडनीत क्लब क्रिकेट खेळायचा, पाठीनं दगा दिला, पंचगिरीकडे वळला. २००४ ते २००८ सलग पाच वर्षं आयसीसीचा सर्वोत्तम पंच. दुसऱ्या बाजूला आपले वेंकटराघवन. ५७ कसोटी खेळले, १९७५ आणि १९७९ च्या विश्वचषकांत भारताचे कर्णधार, आणि नंतर ७३ कसोटींत पंच. म्हणजे खेळले त्याहून जास्त कसोटींत पंच म्हणून उभे राहिले. दोघंही अव्वल. तुमची अट लावली तर टॉफेल क्लबच्या जोरावर जेमतेम आत येईल किंवा बाहेरच राहील. नुकसान कुणाचं?

शिवाजी_पार्क_कट्टा
आणि स्टीव्ह बकनर? तो तर फुटबॉलचाही आंतरराष्ट्रीय पंच. मोठं क्रिकेट खेळायला मिळालं नाही त्याचा राग आमच्या सचिनवर काढला. २००३ ब्रिस्बेन, गिलेस्पीचा चेंडू यष्ट्यांवरून चाललेला, पायचीत. २००५ ईडन, रझाकचा चेंडू, बॅटचा संबंध नाही, झेलबाद. अजून झोप लागत नाही.

आझाद_मैदानी
त्याच बकनरला १९९२ पासून २००७ पर्यंत सलग पाच विश्वचषकांचे अंतिम सामने मिळाले. १२८ कसोटी. सचिनचे ते निर्णय चुकले हे त्यानंही पुढे मान्य केलं. दोन निर्णयांवरून माणूस मोजू नका.

शिवाजी_पार्क_कट्टा
दोन कुठले? सिडनी २००८ च्या कसोटीतले निर्णय धरायचे राहिले.

तालमीतला
डावा कोपरा भाऊंच्या पाठीशी आहे, कुस्तीपुरतं तरी नक्की. जत्रेच्या आखाड्यात पंच म्हणून गावचा जुना मल्लच उभा असतो. निकाली कुस्ती, गुणबिण काही नाही, पाठ लागली की संपलं. पण दोन्ही खांदे टेकले का हे उभ्यानं दिसत नाही. म्हणून तो मातीत गाल टेकायचा बाकी राहतो. आणि तो योग्य अंगाला आधीच पोचलेला असतो, कारण कुठल्या डावात कुठला खांदा शेवटी टेकणार हे त्याच्या अंगाला माहीत असतं. न खेळलेला माणूस डाव पडल्यावर धावतो. तोवर खालचा गडी पुलावर, म्हणजे डोकं आणि पाय टेकून पाठीची कमान करून, गेलेला असतो.

गुणांच्या कुस्तीत तर आणखी कठीण. जानेवारी २०२३ ची पुण्यातली महाराष्ट्र केसरी आठवा. माती विभागात सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. महेंद्रच्या बाहेरच्या टांगेच्या डावाला चार गुण दिले आणि सगळा महाराष्ट्र भांडत बसला. सिकंदरची पाठ सरळ धोक्यात गेली की तो आधी कुशीवर पडला, एवढाच प्रश्न. हे डोळे मिटण्याच्या आत ठरवायचं. पुस्तक वाचून?

निमूट_वाचक
तालमीतला, तुमच्याच उदाहरणानं तुमचा मुद्दा पडतो की. कुस्तीत पंच बहुतेक पैलवानच असतात. तरी वाद झालाच ना? २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली. तो आणि मैदान सोडून गेलेला महेंद्र गायकवाड, दोघांना तीन-तीन वर्षांची बंदी. पंच खेळलेला आहे म्हणून कुणी निर्णय मुकाट मानला असं झालं नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत मॅटवर रेफरी, जज आणि मॅट चेअरमन असे तिघे ठेवतात आणि दोघांचं एकमत लागतं, ते उगाच नाही. एकट्याच्या डोळ्यावर, मग तो कितीही मुरलेला असो, कुस्ती सोडायची नाही असं ठरवूनच ते केलंय.

तालमीतला
वाद होणार नाही असं मी म्हटलंच नव्हतं. वाद होणारच. माझं म्हणणं, चुका कमी होतील.

वामकुक्षी
आमच्या ह्यांना वरणाला फोडणी देता येत नाही, पण मीठ कमी पडलंय हे पहिल्या घासाला सांगतात आणि दर वेळी बरोबर असतात. धाग्याचं उत्तर मिळालं का?

डावा_कोपरा
ताई, मीठ कमी आहे म्हटल्यावर तुमच्याकडे कुणी तीन वर्षांसाठी निलंबित होत नाही.

वामकुक्षी
होतं. जेवणापुरतं.

स्कोअरबुक
मी कांगा लीगमध्ये गुणलेखन केलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही १९४८ पासून मुद्दाम भर पावसात खेळवली जाणारी मुंबईची स्पर्धा. मैदानं इतकी खेटून की एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा. अशा ठिकाणी कुठला चेंडू कुठल्या सामन्याचा हे ओळखण्यापासून पंचाचं काम सुरू होतं.

आता मुद्दा. वृंदा राठी मुंबई विद्यापीठाकडून मध्यमगती गोलंदाजी करायची, मग गुणलेखिका झाली, मग पंच. जानेवारी २०२३ मध्ये ती, जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन रणजी सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिल्या. पुरुषांच्या रणजीत बायका पंच, हे तोवर कधी झालं नव्हतं. जननी चेन्नईची, सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून आलेली. डावा_कोपरा, तुमची अट इथे लावून बघा. 'या पातळीवर खेळलात का?' असं विचारलं की पुरुषांच्या सामन्यातून झाडून सगळ्या बायका बाहेर. कारण त्या पातळीवर खेळण्याचा रस्ताच त्यांना नव्हता. अट दिसायला गुणवत्तेची आहे, पण दार बंद करते ते भलत्यांचं.

दुसरं, गुणलेखनानं एक सवय लागते जी खेळाडूला लागत नाही. दिवसभर एकही चेंडू नजरेतून सोडायचा नाही. फलंदाज बाद झाला की तंबूत पाय पसरून बसतो, गोलंदाज फाइन लेगला जाऊन जरा सैलावतो. पंचाला ती मुभा नाही. गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेच्या आत पडला का ते बघायचं, लगेच नजर उचलायची, आणि चेंडू पॅडवर पोचायच्या आत ती पलीकडे स्थिर करायची. वेगवान गोलंदाज असेल तर हातात जेमतेम अर्धा सेकंद. मोठ्या सामन्यांत आता पुढच्या पायाचा नोबॉल तिसरा पंच बघतो. मैदानी क्रिकेटमध्ये तोच बिचारा सगळं करतो. हे कौशल्य फलंदाजीतून येत नाही, गोलंदाजीतून तर नाहीच. वेगळंच शिकावं लागतं.

चहाटळ
+१. स्कोअरबुक ताईंनी षटकार मारला. (पंचांनी हात वर करावेत.)

डावा_कोपरा
ताई, बायकांचा मुद्दा पटला. पण त्यावर उपाय म्हणजे मुलींना जास्त खेळवा. न खेळलेला पंच चालवून घ्या, हा उपाय नव्हे.

स्कोअरबुक
मुली खेळून वर येईपर्यंत शिट्टी कुणाकडे ठेवायची, तुमच्याकडे?

निमूट_वाचक
कबड्डीचंच घ्या. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ आशियाई स्पर्धा, भारत-इराण अंतिम सामना. २८-२८, जेमतेम मिनिटभर उरलेलं. पवन सेहरावतची चढाई, ती पण 'करो या मरो', म्हणजे गुण आणला नाही तर चढाईपटूच बाद. तो कुणालाच न शिवता राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या कडेच्या लॉबीत, गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही घुसले. आता काय द्यायचं? एका नियमानुसार पवन एकटा बाद. दुसऱ्या नियमानुसार मागे गेलेले गडीही बाद. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. आधी एक संघ मॅटवर बसकण मारून बसला, मग दुसरा. जवळपास तासभर खेळ ठप्प. शेवटी भारताला चार आणि इराणला एक, आणि सामना संपेपर्यंत ३३-२९ करून आपण सुवर्ण घेतलं. त्या संघात आपल्या नगरचा अस्लम इनामदारही होता.

तिथे डोळ्यांचा प्रश्नच नव्हता. कोण कुठे गेला हे घरी टीव्हीवर बसलेल्या आमच्या आजीलाही दिसलं होतं. प्रश्न होता कुठला नियम लागू, याचा. तिथे जिल्हा खेळलेला पंच काय कामाचा? तिथे पुस्तक कोळून प्यायलेला आणि दोन्ही प्रशिक्षकांना 'बसा खाली' म्हणणारा माणूस हवा होता.

सह्याद्री_एक्सप्रेस
तो सामना ऑफिसात बघत होतो. साहेब पण बघत होते. तासभर कुणीच काम केलं नाही, पंचांचे उपकार.

आझाद_मैदानी
निमूट, तुमच्या मुद्द्याला क्रिकेटमधलं जोडतो. १४ जुलै २०१९, लॉर्ड्स, विश्वचषक अंतिम सामना. न्यूझीलंडच्या गप्टिलचा थ्रो इंग्लंडच्या स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार, कुमार धर्मसेनानं सहा धावा दिल्या. धर्मसेना कोण? १९९६ चा विश्वचषक जिंकलेल्या लंकेच्या संघातून अंतिम सामना खेळलेला. २०१५ च्या अंतिम सामन्यात पंच. खेळाडू म्हणून आणि पंच म्हणून अंतिम सामना अनुभवलेला, याहून जास्त 'खेळलेला' पंच कुठून आणायचा? आणि सहा नाही, पाच धावा हव्या होत्या, कारण थ्रो सुटला तेव्हा दुसऱ्या धावेसाठी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं नव्हतं, हे जाहीरपणे कुणी सांगितलं? टॉफेलनं.

शिवाजी_पार्क_कट्टा
न्यूझीलंडवाले हा धागा वाचत असतील तर रडतील.

मंडळाचा_पोरगा
सगळे हांगझोऊ-लॉर्ड्सला फिरून आले, आता जरा लालबाग-परळला या. इथे खेळलेला पंच म्हणजे कुणाकडून खेळलेला, हे गल्लीतल्या पोरालाही माहीत असतं. अमुक मंडळाचा जुना उजवा मध्यरक्षक शिट्टी घेऊन आला की समोरचा संघ नाणेफेकीआधीच कुजबुजायला लागतो. तो बिचारा सरळ असला तरी. उलट कुणाचाच नसलेला पोरगा पंच असेल तर निदान शिव्या दोन्ही बाजूंनी सारख्या पडतात. खेळणं म्हणजे कुणाच्या तरी बाजूनं खेळणं. ती बाजू कपाळावर राहते.

तालमीतला
हे मात्र खरं. आमच्याकडे तालीम विचारतात.

अभ्यासू_अंबाडी
थोडं शास्त्र. जिम्नॅस्टिक्सच्या परीक्षकांवरचा एक अभ्यास २०१२ साली आला होता. बीमवरच्या एकाच उडीचे व्हिडिओ परीक्षकांना दाखवले. ज्यांना ती उडी स्वतःला मारता येत होती, त्यांचं परीक्षण इतरांपेक्षा सरस निघालं. म्हणजे डावा_कोपरा यांच्या म्हणण्याला आधार आहे. पण लक्षात घ्या, तिथे परीक्षक हालचालीचा दर्जा जोखतो, पाय किती अंशात उघडला वगैरे. कबड्डीत दर्जा कुणी विचारत नाही. लागला की नाही, एवढंच. धाग्यात दोन वेगळी कामं एकाच शब्दात चालली आहेत असं वाटतं.

दोरखंड
अंबाडी, अगदी. मल्लखांबाचं सांगते, मी दोरीवरचा मल्लखांब केलाय आणि आता परीक्षक म्हणून बसते. एका पकडीतून दुसऱ्या पकडीत जाताना पोरगी दोरीवर विसावली की अडकली, हे बाहेरून सारखंच दिसतं. दोन्हीकडे क्षणभर थांबणं आहे. पण अडकलेलीच्या पायाच्या अंगठ्याची पकड सैल होते आणि ती पुन्हा दोर चाचपते. मला ते दिसतं, कारण माझ्या अंगठ्याची सालं त्याच जागी गेलीत. शेजारी बसलेल्या, मल्लखांब न केलेल्या बाई अवघडपणाचे गुण माझ्यापेक्षा काटेकोर देतात, पण हे त्यांच्या नजरेतून निसटतं. मात्र माझ्यात एक खोड आहे. जो प्रकार मला कधी जमला नाही तो कुणी केला की माझा हात आपोआप सैल सुटतो. त्या बाईंचा सुटत नाही.

चहाटळ
दोरखंड ताई, हे आयोजकांना कळू देऊ नका.

लीड्सकर
इंग्लंडमधून. इथे फुटबॉलचा रेफरी व्हायला चौदाव्या वर्षापासून कोर्स करता येतो. म्हणजे खेळून झाल्यावर रेफरी असा क्रमच नाही, दोन्ही एकत्र चालतं. आणि पालक त्या पोरांना इतक्या शिव्या देतात की २०२३ मध्ये फुटबॉल असोसिएशननं स्थानिक सामन्यांतल्या रेफरींच्या छातीवर कॅमेरे लावून बघायला सुरुवात केली. इथे 'खेळलेला हवा' असं कुणी म्हणत नाही. 'कुणीही या, फक्त टिका' असं म्हणतात.

पंच_नाबाद
बराच वेळ वाचत होतो. मी कबड्डीचा पंच आहे. खेळलो ते शाळेपुरतं, तेही राखीव खेळाडू म्हणून. म्हणजे धागाकर्त्यांच्या त्या दोन पोरांच्या जातीचा.

मागच्या पायाचं तुम्ही लिहिलंत ते सोळा आणे खरं. पण ते मला खेळून कळलं नाही. आमच्याकडच्या एका संघाच्या सरावाला संध्याकाळी जाऊन बसायचो. कोपऱ्यातल्या गड्याला विचारलं, तू काय बघतोस? तो म्हणाला, मागची टाच. बास. मग सरावात मी मुद्दाम रेषेच्या टोकाला उभा राहायला लागलो, कारण समोरून टाच दिसतच नाही, बाजूनं दिसते. कुठे उभं राहायचं हे कळलं की बघणं निम्मं सोपं होतं. जुने खेळाडू पंच झाले की नेमके इथे कमी पडतात, कारण ते सवयीनं कोपऱ्यात उभं राहिल्यासारखं, मैदानाच्या आतून बघतात. थबकणाऱ्या गड्याचं म्हणाल, तर ते आता पोरांनाही माहीत झालंय. न लागता थबकून दाखवणारे महाभाग आहेत.

आता खरं दुखणं सांगतो. सामना एक गुणावर आलेला, आयोजकांचाच संघ मागे, मंचावर पाहुणे, माइकवाला 'पंचांनी लक्ष द्यावं' म्हणतोय, आणि तुम्हाला त्याच संघाचा गडी बाद द्यायचाय. हात वर करायला जे लागतं ते कुठल्या मैदानातून येतं ते मला सांगता येणार नाही. खेळलेल्यांनाही तिथे अडखळताना पाहिलंय आणि न खेळलेल्यांनाही.

आणि एक. जिल्हा-राज्य खेळलेल्या पोरांना आधी नोकरी हवी असते, आणि ते बरोबरच आहे. खेळाच्या कोट्यातून पोलिसांत, रेल्वेत, बँकेत लागला की रविवारी उन्हात उभं राहून शिव्या खायला कोण येणार? मानधन म्हणजे येण्याजाण्याचा खर्च आणि वडापाव. तुमची अट उद्या लागू केली तर पंच सुधारणार नाहीत, सामने बंद पडतील.

वामकुक्षी
पंच_नाबाद, दंडवत.

डावा_कोपरा
पंचसाहेब, टाच बाजूनं दिसते हे मला तीस वर्षं कोपऱ्यात उभं राहून सुचलं नव्हतं, कारण आम्हाला बाजूला जायचीच मुभा नसते. मात्र मी माझ्या मुद्द्यावर आहे. तुम्ही सरावाला जाऊन बसलात, गड्याला विचारलंत, म्हणून तयार झालात. सगळे जातात का? परीक्षा पास झाली की ओळखपत्र गळ्यात, आणि थेट सामना. मग असं करा. जिल्हा खेळण्याची अट नको तर नको. पण परीक्षेचा निकाल लागायच्या आधी एक पूर्ण हंगाम कुठल्याही संघाच्या सरावात शिट्टी घेऊन उभं राहणं सक्तीचं. प्रशिक्षकाची सही हवी.

मंडळाचा_पोरगा
प्रशिक्षकाची सही म्हटली की तो पंच त्या संघाचा झाला. परत कुजबुज.

डावा_कोपरा
मग दोन संघांच्या सरावात.

निमूट_वाचक
हे जमण्यासारखं आहे. फक्त त्या सरावात नियमांचे फाटे पण घ्या. राखीव क्षेत्र, बोनस अधिक स्पर्श, सगळं. दम घेता आला नाही तरी चालेल, नियम घेता आला पाहिजे.

तालमीतला
कुस्तीत मात्र मी हट्ट सोडणार नाही. मातीत गाल टेकवणाराच पंच पाहिजे.

शिवाजी_पार्क_कट्टा
बकनरला दोन संघांच्या सरावाला बसवलं असतं तर सचिनची आणखी दोन शतकं झाली असती. नोंद घ्यावी.

नवीन_सभासद_रायगड
नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितेय. पंच परीक्षेची माहिती शोधताना हा धागा सापडला. मी शाळेत आणि कॉलेजात कबड्डी खेळले, जिल्ह्याला निवड झाली नाही. फॉर्म कुठे मिळतो, कुणी सांगेल का?

पंच_नाबाद
ताई, जिल्हा कबड्डी संघटनेच्या कार्यालयात चौकशी करा, परीक्षेची सूचना तिथे लागते. लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक, तिन्हीची तयारी ठेवा. तोंडीत राखीव क्षेत्राबद्दल विचारतात, हांगझोऊनंतर तर जास्तच. निमूट_वाचक यांचा वरचा प्रतिसाद वाचून जा. प्रात्यक्षिकाला पांढरे बूट लागतील, मातीच्या मैदानावर असलं तरी.